तिचं उत्तर पावसात गेलं

शहापूर, ५ जानेवारी १९३६

ही वही आप्पांनी दिली. म्हणाले, "चीन देश बघायला चाललीस. बघशील ते लिव्हून आण. मला वाचून दाखव." आप्पा म्हणजे माझे वडील, सुळेभावीचे विणकर. स्वतःला सहीपुरतं येतं, पण मला मराठी सहावीपर्यंत शिकवलं. निघायला अजून दोन आठवडे आहेत. तरी सुरुवात आजच करते, कारण राग आजच आलाय.

ह्यांनी आमच्या रेशमाच्या दुकानात बसून येईल त्याला सांगितलं की बायकोला जग दाखवायला नेतोय, हवापालट करायला! खरी गोष्ट अशी की गेल्या दिवाळीत मुंबईच्या दलालाकडून आलेलं चिनी रेशीम मागावर चढताच तुटायला लागलं. शहापुरातल्या विणकरांनी आमच्या दारात येऊन लडी फेकल्या. ह्यांना रेशमातलं काही कळत नाही. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, ह्यांच्या हाती आयतं आलं. मी मात्र आईच्या मांडीवर बसून लडी सोडवत मोठी झाले. डोळे मिटून धागा दोन बोटांत धरला की तो किती तारांचा आहे, भिजवून जड केलाय का, हे मी सांगते. म्हणून माल चीनमध्येच जाऊन बघायचा असं ठरलं, आणि बघायला मी. हे सरळ सांगायला काय होतं? विणकरांनी तर उलट विश्वासानं घेतलं असतं.

आत्याबाईंनी अडवलं नाही याचं नवल वाटतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गल्ली त्यांना अक्काताई म्हणते आणि घाबरते. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. म्हणाल्या, "जा की. तुझ्या हातनं दुकानाचं तेवढं काम हू दे." भांडणाची सगळी तयारी वाया गेली.

१२ जानेवारी

आत्याबाईंच्या भावाची मुलगी मालू संकेश्वरहून आली. सोळा वर्षांची. "तू न्हाईस तर घरात माणूस नको व्हय?" म्हणाल्या. असू दे की माणूस. पण माझ्या फडताळातला कप्पा तिला कशाला? माझी लुगडी ट्रंकेत गेली. आज देवाचा नैवेद्यही तिच्या हातून दाखवला. मला ह्या घरात येऊन सहा वर्षं झाली; देवघरात हात घालायला मिळाला तो तिसऱ्या वर्षी. नियम काय फक्त माझ्यासाठी केले होते?

मालूवर राग नाही. भाकरी करपवते आणि स्वतःच हसत सुटते.

१८ जानेवारी

उद्या निघायचं. आत्याबाईंनी माझे दागिने ठेवून घेतले. "समुद्रात सोनं न्हेत न्हाईत." पाटल्या त्यांनी घातलेल्या, त्या घेतल्या तर घेतल्या, पण पुतळ्यांची माळ माझ्या आईची. तीही डब्यात गेली. गळ्यात काळी पोत तेवढी ठेवली. कुणी लुटलं तर लुटणारा रडेल.

मग म्हणाल्या, "आल्यावर चार म्हयनं म्हायेरी जाऊन ऱ्हा. दमून येशील. तुझ्या बापाला निरोप धाडलाय." सहा वर्षांत माझ्या दमण्याची चौकशी पहिल्यांदा झाली. राग थोडा उतरला.

पाणवठ्यावर एकीनं विचारलंच, "चीनात औषध मिळतंय काय गं पोराबाळाचं?" सगळ्या हसल्या. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी जाऊन आले, दोन वर्षं सोमवार धरले, अजून काय करू? ह्यांची पहिली बायको गुणाबाई. तिलाही काही झालं नव्हतं म्हणे. लग्नाच्या वेळी आम्हाला सांगितलं की तिचं घरात लक्ष नव्हतं, आपणहून माहेरी बोरगावला निघून गेली. मी तिला बघितलेलं नाही. एवढं मोठं घर टाकून जाणारी बाई म्हणजे डोकं फिरलेलीच असणार.

२ फेब्रुवारी, बोटीवर

कोलंबो सोडलं. हे आडवे आहेत, पाणीसुद्धा ठरत नाही. मला काहीच होत नाही. मी डेकवर बसते, तर हे म्हणतात, बाईमाणसानं असं उघड्यावर बसू नये. आत बसून यांची बादली धरायची, ते चालतं.

पण एक लिहायला हवं. दुपारी लिंबू चोखता चोखता हे माझ्याकडं टक लावून बघत होते. म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काय न्हाय. तुला नीट बघितलंच नव्हतं कवा." उलट्या झाल्या की माणूस हळवा होतो.

२२ फेब्रुवारी, शांघाय

थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. आम्ही फ्रामजीशेठ नावाच्या पारशी दलालाकडं उतरलोय. वीस वर्षं इथं आहेत, चिनी बोलतात, बेळगावला कॅम्पात बालपण गेलं म्हणून मराठीही येतं.

आज शू नावाच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या वखारीत रेशीम बघितलं. पाच ढीग. शूशेठ सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, हसरे. मी हात शेगडीवर शेकले आणि बसले. दुसरा आणि चौथा ढीग बाजूला काढायला सांगितला. दुसऱ्यात दोन जातींची सरमिसळ होती. चौथा ओलसर होता, चांगलाच. शूशेठ मोठ्यानं हसले आणि उठून ह्यांचा हात हातात घेऊन हलवला! फ्रामजीशेठ म्हणाले, "बोलतात की एवढी नजर असलेला व्यापारी हिंदुस्थानातून कधी आला नाही." हे मान तुकवून "थँक्यू" म्हणाले. मी तिथंच बसले होते. माझी बोटं अजून लडीत होती.

खोलीवर आल्यावर विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाले, "तुझं माझं काय वायलं हाय व्हय?"

शूशेठ खूश आहेत. परवा त्यांच्या गावी, हांगचौला नेणार आहेत. तिथली बाग दाखवणार. प्रेमाची बाग म्हणे. लांबून लांबून कवी येऊन तिथं रडतात.

२५ फेब्रुवारी, हांगचौ

आज सगळं सविस्तर लिहिणार, नाहीतर माझं डोकं फुटेल.

बाग सुंदर आहे, ते आधी मान्य करते. बाहेरून नुसती पांढरी भिंत आणि एक बुटकं दार. आपल्याकडं कोठीला असतं तसं. आत गेलं की पाणी. फार मोठं नाही, पण त्याचा काठ असा वळवलाय की शेवट दिसत नाही. त्यावर दगडी पूल, सरळ न जाता वाकडातिकडा जाणारा. भोकाभोकांचे उंच दगड उभे केलेत, ते बघायला लोक थांबतात. आणि झाडं: एक पान नाही, नुसती गुलाबी फुलं काळ्या फांद्यांना चिकटलेली. वास फार हलका. मी पुलावर उभी राहिले आणि आप्पांना हे कसं सांगायचं याचा विचार करत होते. तोवर मी सुखात होते.

मग आम्हाला त्या भिंतीपुढं नेलं. भिंतीला वर कौलांची पडवी केलीय, पाऊस लागू नये म्हणून. खाली काळ्या पाटीवर उभ्या ओळीत अक्षरं कोरलेली, शाई भरलेली, चकचकीत. पुढं तीन-चार चिनी गृहस्थ उभे होते. एक डोळे पुसत होता. शूशेठनी हळू आवाजात गोष्ट सांगितली आणि फ्रामजीशेठनी मराठी केलं.

सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ह्या गावात एक कवी होता. बायकोवर त्याचा फार जीव. त्याच्या आईला ती आवडेना. लेक तिच्या नादी लागला, परीक्षेत नापास झाला, शिवाय घरात नातू नाही. आई म्हणाली, धाडून दे. त्यानं धाडली. तिचं दुसरं लग्न झालं, त्याचंही झालं. बऱ्याच वर्षांनी असाच मोहर फुललेला असताना ह्या बागेत त्याला ती दिसली, नवऱ्याबरोबर. तिनं नवऱ्याला विचारून ह्याला चहा पाठवला. ह्यानं चहा पिऊन भिंतीवर कविता लिहिली. दुसऱ्या वर्षी ती आली, तिनं वाचली, खाली उत्तर लिहिलं आणि घरी जाऊन झुरून मेली.

"कवितेत काय लिहिलंय?" मी विचारलं.

फ्रामजीशेठनी ओळीवरून बोट फिरवलं. फुलं आहेत, पाणी आहे, काळीज जळतंय, रात्र सरत नाही.

"आईचं नाव?"

"आईचं नाव कशाला असेल, बाई? प्रेमाचं काव्य आहे."

"मी धाडलं, असं?"

"तसं नाही. पण फार गोड आहे. ओरिजिनल ऐकलंत तर रडाल."

मी कशाला रडू? भिंतीवर लिहायला ह्याला शाई मिळाली, हात चालला. आईपुढं तोंड उघडायच्या वेळी काय झालं होतं? बाईला घरातून घालवली, तिचा चहा प्याला, वर तिच्याच नवऱ्याच्या देखत भिंत रंगवली. ती बिचारी वाचून मेली, आणि हा? मी विचारलं. हा ऐंशी वर्षं जगला, सरकारी नोकरी केली आणि दर वसंतात इथं येऊन नवी कविता लिहायचा!

"मग तिचं उत्तर कुठं आहे?"

शूशेठनी हात उडवले. "पावसात गेलं." त्याच्या अक्षरांत मात्र दर वर्षी नवी शाई भरतात. त्यासाठी गावात मंडळी आहे.

एक म्हातारी तिथं खराटा मारत होती, लहानपणीच बांधून आखूड केलेल्या पावलांवर तोल सावरत. मी बोटानं भिंतीच्या खालच्या भागाकडं दाखवलं आणि तिला खुणेनं विचारलं. ती जवळ आली. पाटीच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, तिनं बोटांनी चुन्यावर टकटक केलं आणि बरंच काही बोलली. फ्रामजीशेठ सांगेनात. मी हलले नाही, तेव्हा सांगितलं, "काही नाही, बाई. बोलते की पाऊस वगैरे काही नाही. तिच्या आजेसासूच्या वेळेला भिंत दुरुस्त केली, तेव्हा त्याचं ठेवलं आणि तिच्यावर चुना मारला. अडाणी आहे, काहीही बोलते." शूशेठनी म्हातारीला काहीतरी म्हटलं. ती खराटा घेऊन निघून गेली.

ह्या सगळ्यात हे कुठं होते? मागं दगडावर बसून रडत होते. साधं डोळे पुसणं नव्हे. खांदे हलत होते. मी जवळ गेले तर माझा हात धरला, परक्या लोकांच्या देखत. म्हणाले, "आईच्या शब्दापुढं माणूस काय करणार, जया? सांग की. काय करणार?" आणि मग, "मला माफ कर."

म्हणजे गुणाबाई आपणहून गेली नव्हती! आईच्या सांगण्यावरून ह्यांनी धाडली होती, आणि मला सहा वर्षं खोटं सांगितलं. आणि माफी मागतात ती माझी. माझी कशाला? बोरगावला जाऊन तिची मागा की. मी हात सोडवून घेतला.

परत येताना गाडीत शूशेठ म्हणाले की ह्यांचं हृदय कवीचं आहे.

शहापूर, २९ मार्च

परवा पोचलो. पाडवा बोटीवरच गेला. माल मागून येतोय.

मालूनं पायावर पाणी घातलं. अंगावर नवं इरकल. आत्याबाईंनी घेऊन दिलं म्हणे. मला आणायची आठवण सहा वर्षांत झाली नव्हती. दोन दिवस हे माझ्याशी फारसं बोललेले नाहीत. गुणाबाईचं मी ओळखलं म्हणून शरमले असतील. शरमू देत.

५ एप्रिल

आज मी जे बघितलं ते मला कुणी सांगितलं असतं तर खोटं म्हटलं असतं.

चीनची हकिकत ऐकायला आज घराच्या पुढच्या सोप्यावर बायाबापड्या, विणकर, शेजारी, सगळे जमले होते. ह्यांनी बाग सांगितली. सांगतात छान, ते कबूल. पूल सांगितला, फुलं सांगितली, मग कवीची गोष्ट. कवी आईच्या पाया पडून रडला, अन्नपाणी सोडलं, असं बरंच स्वतःच्या पदरचं घातलं. ती झुरून मेली म्हणताना आवाज चिरकला. सगळा सोपा गलबलला.

आणि आत्याबाई! पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या. "काय बाई म्हणायची का कोण ती! सोन्यासारखी सून घालवली. अशा सासवांच्या तोंडात किडं पडत्याल!"

एकही माणूस हसला नाही. मी सगळ्यांकडं बघितलं, एकेकाकडं. गुणाबाईला घालवलेलं ह्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असणार. मी मोठ्यानं विचारलं, "आणि ती मेली नसती तर? तर एवढं रडला असता काय?" हे म्हणाले, "तुला कवितेतलं कळत न्हाय." मालू दारात उभी राहून खरंखुरं रडत होती. तिला जवळ घेतलं.

८ एप्रिल

आत्याबाईंनी सकाळीच माझी ट्रंक सोप्यावर आणून ठेवली. "उद्याच्या गाडीनं जा म्हायेरी." मी म्हटलं, माल यायचाय, लडी तपासायच्या आहेत. म्हणाल्या, "त्यो चांगलाच हाय की. तूच निवडलास."

मी कपडे भरत होते तेव्हा मालू आली. हातात हिरवा चुडा. विचारलं, कसला गं? ती लाजली. मग एकदम रडवेली झाली. "वैनी, तू खरंच न्हाई येनार? आत्ती म्हनती, तू आता न्हाई येनार. म्हनती अक्षयतृतीयेला माझं..." तिनं हात पदराखाली घेतले. लग्न, ह्यांच्याशीच.

मी ट्रंकेवर बसून राहिले. कप्पा, नैवेद्य, पुतळ्या, चार महिने माहेर. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, मी माझ्या हातानं इथं लिहून ठेवलं, आणि मला कळलं नाही! बागेत ह्यांनी माफी मागितली ती माझीच. गुणाबाई त्यांच्या मनातही नव्हती. बोटीवर टक लावून बघत होते ते काय, हेही आता कळलं. माझी बोटं एवढ्या लांब नेली, माल निवडून घेतला आणि ठरवून रडून घेतलं. जानेवारीतच सगळं ठरलेलं होतं.

सरळ दुकानात गेले. म्हटलं, "मालूचं खरं काय?" हे वजनं पुसत होते. म्हणाले, "आईनं ठरवलंय. वंश नको व्हय घराला? मी तुला काय कमी पडू देणार न्हाय." विचारलं, "तुम्ही काय म्हणालात आईला?" ते पुन्हा वजनं पुसायला लागले.

आजपासून ह्या वहीत मी त्यांना 'हे' म्हणणार नाही. परशराम.

१० एप्रिल

काल सुळेभावीला जायला म्हणून ट्रंक घेऊन निघाले आणि निपाणीच्या सर्व्हिस मोटारीत बसले. आप्पांकडं गेले असते तर ते रडले असते आणि तिथंच सगळं संपलं असतं. मला आधी गुणाबाईला बघायचं होतं. मी तिला सहा वर्षं डोकं फिरलेली म्हटलं होतं.

निपाणीला बाजारात बोरगावचे एक जैन शेतकरी भेटले, रायगोंडा आप्पा. तंबाखू घालून रिकामी गाडी परत नेत होते. "कुनाकडं जायाचं, बाळ?" सांगितलं. "गुणाबाई? मष्णूची व्हय? बस की, तिच्या दारातनंच वाट जाती." मष्णूची! म्हणजे पाट लागलेला, दुसरं लग्न झालेलं. मला ते आवडलं.

गुणाबाई खळ्यावर होती. वाळलेली तंबाखू कुटून पोत्यांत भरायचं काम चाललं होतं. तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, "मी शहापूरची. परशरामांची..."

तिनं फडकं खाली ओढलं. "दुसरी व्हय तू? बस. शिंका आल्या तर येऊ दे." आणि मागं वळून हाक मारली, "ए, पानी आणा रं!" तर एकामागं एक तिघं धावत आली. दोन मुलगे आणि एक मुलगी. मोठा आठ वर्षांचा असेल.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"कुणाची म्हंजे? माजी." ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "तुला ठावं न्हाय? अगं, वांझ म्हणून धाडलं मला त्यानी. हितं पाट लागला आनि वरसात पोटुशी ऱ्हायली."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मी तिला विचारायला आले होते की तुला कसं घालवलं. ते विचारलंच नाही.

"शहापूरला कुणाला माहीत आहे हे?"

गुणाबाई हसली. "म्हातारीला हाय की! थोरल्याच्या बारशाला म्या सोता पेढं धाडलं. एक शेर. निरोप बी धाडला, म्हटलं सांगा अक्काताईला, गुणीला लेक झाला."

ती पेढ्यांचं सांगत होती आणि मी मोजत होते. थोरला आठ वर्षांचा. मी त्या घरात सहा वर्षांपूर्वी गेले. माझ्या लग्नाची बोलणी करायला आत्याबाई सुळेभावीला आल्या, तेव्हा ते पेढे येऊन दोन वर्षं झाली होती.

काल तिथंच राहिले. तिनं मला पिठलं-भाकरी वाढली आणि एकदाही परशरामांची चौकशी केली नाही.

आज दुपारी शहापूरला पोचले. आत्याबाई सोप्यावर सुपात तांदूळ घोळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय गं? गाडी चुकली व्हय?"

मी ट्रंक खाली ठेवली. "पेढे काय केलेत?"

"कसलं पेढं?"

"बोरगावचे. बारशाचे."

सूप थांबलं.  मग म्हणाल्या, "म्हशीला घातलं."

"म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून मला आणलंत. अनवाणी डोंगर चढायला लावलंत. पाणवठ्यावर बायका हसल्या, तुम्ही ऐकलंत. आता ह्या पोरीला आणलंत. तिच्यानंतर कोण?"

"हळू बोल."

"का हळू?"

"मग काय करू गं?" त्यांचा आवाज एकदम फुटला. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "लेकाला सांगू व्हय, तुझ्यातच खोट हाय म्हणून? एकुलता एक. मोडून पडंल त्यो. पुरुषमाणसाचं एकदा गेलं की गेलं. बाईचं काय, बाई कुठं बी रुजती. ती रुजली न्हाय व्हय बोरगावात?"

मला त्या क्षणी त्यांच्या हातातलं सूप घेऊन भिरकावावंसं वाटलं. ह्या बाईनं दोन सुनांचा जन्म जाळला, तिसरीचा जाळायला घेतला, कशासाठी, तर लेकाला वाईट वाटू नये म्हणून! मी काय बोलले ते आता आठवत नाही. बरंच बोलले. गल्लीत माणसं थांबली.

बोलून वळले तर दाराशी परशराम उभे होते. जेवायला आले होते. पायात एकच वहाण होती, दुसरी काढून हातात राहिली होती. किती वेळ उभे होते कोण जाणे. आत्याबाई म्हणाल्या, "परशा, तू जेवून घे." ते जेवले नाहीत. दुकानातही गेले नाहीत. घरामागच्या गोदामात जाऊन बसले.

१४ एप्रिल

मालू संकेश्वरला गेली. परशरामांनी स्वतः नेऊन पोचवली. तिच्या वडिलांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. जाताना चुडा काढून तिनं माझ्या हातात दिला. म्हटलं, तुझ्याजवळ ठेव, तुझ्या लग्नात घाल. म्हणाली, "वैनी, मला लगीनच नको." मग स्वतःच हसली.

माल आला. मी दुकानात गादीवर बसून लडी तपासल्या. विणकर समोर उभे राहून बघत होते. कुणीतरी परशरामांना विचारलं, "माल कसा हाय?" ते म्हणाले, "हिला विचारा." एवढं बोलायला सहा वर्षं लागली. मी पुढची लड उचलली.

पुतळ्यांची माळ आत्याबाईंनी उंबऱ्यावर आणून ठेवली. हातात दिली नाही. मी उचलली.

१७ एप्रिल

परशराम दिवसभर सुन्न असतात. काल माझ्याजवळ येऊन बसले आणि रडायला लागले. म्हणाले, "जया, मी काय करू आता?" मला दया यावी अशी त्यांची फार इच्छा होती. थोडी आलीही, आणि म्हणूनच मला राग आला. त्यांचं मोडलेलं सावरायला पुन्हा मीच!

म्हटलं, "बोरगावला जा. तिच्या नवऱ्यासमोर, पोरांसमोर सांगा की तुझा काही दोष नव्हता, मी तुला धाडली, मी चुकलो. तोंडानं सांगा. चिठ्ठी नको, कुणाच्या हाती निरोप नको. परत आल्यावर मी इथं राहायचं की नाही ते बघेन."

"ती मला काय म्हणंल?"

"मला काय माहीत?"

१९ एप्रिल

पहाटेच्या सर्व्हिसनं गेले. मी दिवसभर दुकानात बसले, पण लक्ष नव्हतं. संकेश्वरला उतरून अर्ध्या वाटेतून परत येतील असंच मला वाटत होतं.

ऊन कलल्यावर आले. सोप्यावर मी एकटीच होते. आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या. कोटावर तपकिरी धूळ, डोळे लाल. आधी वाटलं रडलेत. मग ओळीनं पाच शिंका दिल्या.

"भेटली?"

"भेटली."

"सांगितलंत?"

"व्हय. सगळं. मष्णू हुता, पोरं हुती." ते पायरीवर बसले. "मी सगळं बोलून झाल्यावर म्हणली, 'एवढंच व्हय? मला वाटलं, तंबाखूचा सौदा करायला आलासा.'"

"आणि?"

"आनि काय. म्हणली, 'आलाच हाईसा, तर गाडी भरायची हाय, जरा पोत्याला हात लावा.'"

"लावलात?"

"अकरा पोती चढवली." त्यांनी तळहात उघडून दाखवले, सोललेले. "ताक दिलं मग. म्हणली, ऊन वाढायच्या आत निघा."

मला हसू आलं. ते मी लपवलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

आतून आत्याबाईंची हाक आली, "परशा, दिसभर कुठं गेलतास रं?"

मी मुद्दाम त्यांच्याकडं बघितलं नाही. न्हाणीतलं पाणी तापलंय का ते बघायला उठले. अर्ध्या वाटेत असताना मागून आवाज आला, शेजारच्या दोन घरांत ऐकू जाईल एवढा.

"बोरगावला गेलतो. गुणाची माफी मागायला."

मी न्हाणीत गेले आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.